‘आज शहरात’ सदरात दारू सोडणाऱ्यांच्या सभेलाही एक ओळ द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या तिसऱ्या पानावर ‘आज शहरात’ हे सदर रोज असते. कीर्तन कुठे, रक्तदान शिबिर किती वाजता, ज्येष्ठ नागरिक संघात कोणाचे व्याख्यान, सगळे त्यात मिळते. त्याच अंकाच्या छोट्या जाहिरातींत ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा, शंभर टक्के खात्री, पावडर घरपोच’ अशी चौकटही आठवड्यातून तीन-चारदा दिसते. मात्र दारू सोडलेली माणसे या शहरात ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी एकत्र बसतात, नव्या माणसाला शेजारी बसवून घेतात आणि त्याचा एक पैसा मागत नाहीत, ही माहिती अंकात कुठेच येत नाही. आम्ही व्यसनमुक्ती क्षेत्रातले तीन समुपदेशक आहोत. आमची मागणी एवढीच की, ‘आज शहरात’मध्ये त्या सभेला, म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या (ए.ए.) सभेला, रोज एक ओळ द्यावी. ही ओळ कशी लिहावी यातही खुब्या आहेत. चुकीची ओळ छापण्यापेक्षा न छापलेली बरी, म्हणून पत्र लांबले आहे. कात्री आपल्या हाती आहे.

एक-दोन आकडे आधी सांगतो. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेली व्यसनांची राष्ट्रीय पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के लोक दारू पितात आणि त्यांतल्या ५.७ कोटींहून अधिक लोकांना मदतीची गरज आहे, असे तिने सांगितले. दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या दर ३८ जणांमागे कसलेही उपचार मिळाले ते एकाला. उरलेल्या ३७ जणांच्या घरात कोणी ना कोणी फोनवर काहीतरी शोधत असते. बहुधा बायको, कधी कॉलेजात जाणारी मुलगी.

त्यांना काय सापडते ते पाहा. ‘दारू सोडवणे, जवळचे ठिकाण’ असे टाकले की वरची चार-पाच उत्तरे पैसे भरून वर आणलेली असतात. फोन लावला की पलीकडचा माणूस पहिला प्रश्न विचारतो, ‘पेशंट राजी आहे का? नसेल तर आमची गाडी येते.’ या गाडीबद्दल वेगळे पत्र लिहावे लागेल. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारूच्या गैरवापरातून उद्भवणाऱ्या मानसिक अवस्था आजारात धरल्या आहेत. त्यामुळे माणसाला मनाविरुद्ध दाखल करून घेण्यावर कायद्याची बंधने आहेत, एवढे तरी घरच्यांना ठाऊक हवे. ओळख अगदी साधी आहे: जिथे आधी पैसे मागतात, कुलूप लावतात किंवा ‘तीन महिने भेटू देणार नाही’ असे सांगतात, ती जागा आम्ही म्हणतो ती सभा नाही.

आम्ही म्हणतो ती सभा म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, सगळे ज्याला ‘ए.ए.’ म्हणतात. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक शल्यविशारद या दोन पिणाऱ्यांच्या भेटीतून ती सुरू झाली. भारतात १९५७ पासून आहे. सभासद व्हायला अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. फी नाही, फॉर्म नाही, हजेरीपट नाही. बाहेरच्यांकडून देणगीही घेत नाहीत. सभेच्या शेवटी फिरणाऱ्या डब्यात सभासद पाच-दहा रुपये टाकतात, त्यात चहा आणि खोलीचे भाडे निघते. नवा माणूस त्या डब्यात काही टाको न टाको, कोणी बघत नाही. ‘याने खरेच सुटते का’ असे विचारणाऱ्यांसाठी: कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या संस्थेने २०२० मध्ये २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसांची माहिती एकत्र तपासली. पूर्ण दारूबंद राहण्याच्या बाबतीत ए.ए.शी पद्धतशीर जोडून देणारे उपचार इतर रूढ समुपदेशनांच्या तोडीचे, बऱ्याचदा सरस ठरले. म्हणून सगळ्यांची सुटते असे कोणी म्हणू नये. फुकटची गोष्ट महागड्या गोष्टीच्या बरोबरीने उभी राहते, एवढे नक्की.

आता त्या ओळीकडे वळतो. ‘ए.ए. सभा, मनपा शाळा, सायंकाळी ७’ एवढेच छापले तर काय होईल? माणूस सातला पाच मिनिटे कमी असताना शाळेच्या मुख्य फाटकाशी येईल. फाटक बंद असेल. रखवालदाराला ‘ए.ए.’ म्हणजे काय ते माहीत नसेल आणि ‘दारू सोडणाऱ्यांची मीटिंग कुठे आहे हो?’ हे शब्द त्या माणसाच्या तोंडून फुटणार नाहीत. तो दोन मिनिटे मोबाइल बघितल्यासारखे करेल आणि वळेल. परतीच्या वाटेवर परमिट रूम असतेच. इथे हुकलेला माणूस पुन्हा यायला वर्ष घेतो, कधी येतच नाही. या सभा बाहेर मोठी पाटी लावत नाहीत. फार तर दारावर वर्तुळात त्रिकोण काढलेला एक कागद असतो. म्हणून छापील ओळीने माणसाला थेट दारापर्यंत आणले पाहिजे. नमुना देतो (पत्ता कल्पित आहे):

‘ए.ए. सभा (मराठी, खुली). मंगळवार व शुक्रवार, सायं. ७ ते ८.१५. नगरपालिका शाळा, मागचे फाटक, जिना चढून डावीकडे दुसरी खोली. शुल्क नाही. फोन सायं. ५ ते ९ या वेळेत.’

यातला एकही शब्द शोभेचा नाही.

‘मराठी’ हा शब्द हवा, कारण मुंबई-पुण्यात इंग्रजी, हिंदी, मराठी अशा वेगवेगळ्या सभा असतात. चर्चच्या आवारातली एखादी सभा इंग्रजीत चालते आणि गिरणगावातून आलेला माणूस तासभर काहीच न कळता बसून निघून जातो. त्याच्या लेखी ‘ए.ए. आपल्यासाठी नाही’ हे त्या दिवशीच पक्के होते. ‘खुली’ म्हणजे घरचे, विद्यार्थी, डॉक्टर, कोणीही येऊन बसू शकतो. ‘बंद’ म्हणजे फक्त दारूचा प्रश्न असलेल्यांनीच यायचे. हे न लिहिल्यामुळे नवऱ्याला हाताला धरून आणलेली बाई बंद सभेच्या दारात थांबते, आणि ती थांबली की तोही थांबतो. त्यांना खुल्या सभेचा वार सांगितला असता तर दोघे शेजारी बसले असते.

सभा संपण्याची वेळ का छापायची? तालुक्याच्या ठिकाणी सभा सातला सुरू होऊन साडेआठला संपत असेल आणि गावाकडची शेवटची एस.टी. आठला सुटत असेल, तर त्या गावच्या माणसासाठी ही सभा नसल्यात जमा. वेळ आधी कळली तर तो मोटारसायकलवाल्या सभासदाला फोन करून ठेवू शकतो, किंवा रविवारी सकाळची सभा निवडू शकतो. सभेचे फोन नोकरदार सभासदांच्या खिशात असतात, कॉल सेंटरमध्ये नसतात. दुपारी दोनला लावलेला फोन कारखान्याच्या आवाजात कोणी उचलत नाही आणि लावणारा ‘बंद पडलेले दिसतेय’ असे समजतो. फोनची वेळ छापायची ती यासाठी.

आता सभेच्या जागा. शाळेची खोली, समाजमंदिर, चर्चचा हॉल, सरकारी दवाखान्यातली ओ.पी.डी. बंद झाल्यावरची जागा, ही नेहमीची ठिकाणे. भाडे थोडे, म्हणून हक्कही थोडा. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीची केंद्रे लागतात तेव्हा शाळा मिळत नाही. एप्रिलअखेर सुट्टी लागते आणि किल्ली असलेला शिपाई गावाला जातो. निवडणूक लागली की शाळा मतदान केंद्रासाठी जाते. गणपतीत समाजमंदिरात मंडळाचे साहित्य भरलेले असते. अशा वेळी जुने सभासद एकमेकांना फोन करून दुसऱ्या जागी जमतात. नव्याकडे कोणाचाच नंबर नसतो, आणि बंद दारासमोर उभा राहतो तो नेमका नवा. तेव्हा वर्षभर तीच ओळ छापत राहू नका. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी समूहाच्या संपर्क सभासदाकडून खातरजमा करून घ्या. दोन महिने खातरजमा झाली नाही तर ओळ काढून टाका. जुन्या छापील याद्यांचा त्रास आम्ही रोज पाहतो. कुठल्या तरी व्यसनमुक्ती सप्ताहात वाटलेले पत्रक दहा वर्षे देव्हाऱ्यामागे जपलेले असते आणि त्यातल्या चारांपैकी तीन जागा केव्हाच बदललेल्या असतात.

ओळ छापेपर्यंत वाचकाने स्वतः शोधायचे झाले तर क्रम असा ठेवावा. ए.ए.च्या भारतातल्या अधिकृत संकेतस्थळावर राज्यवार माहिती असते, तिथून आपल्या भागाचा नंबर घेऊन आधी फोन करावा, मगच निघावे. फोनवर चार गोष्टी विचाराव्यात: या आठवड्यात सभा आहे ना, भाषा कोणती, खुली की बंद, आणि ‘मी पहिल्यांदाच येतोय, फाटकाशी कोणी भेटेल का?’ शेवटचा प्रश्न विचारायला लोक लाजतात. विचारला तर दहापैकी नऊ वेळा कोणीतरी पंधरा मिनिटे आधी येऊन उभे राहते. फोन लागला नाही तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जावे. तिथल्या समाजसेवकाला आसपासच्या सभा ठाऊक असतात. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची १४४४६ ही हेल्पलाइन आणि मानसिक आरोग्याची टेली-मानस, १४४१६, या दोन्ही मोफत आहेत. व्यसनमुक्तीचे काम पुण्याचे मुक्तांगण केंद्र १९८६ पासून, तर मुंबईची कृपा फाउंडेशन १९८१ पासून करते. तिथे राहून उपचार घेतलेल्यांसाठी पाठपुराव्याच्या बैठका होतात. त्या ए.ए.च्या नव्हेत, पण त्यांच्याकडून सभेचा पत्ता हमखास मिळतो. २०२० च्या टाळेबंदीपासून ऑनलाइन सभाही रुळल्या आहेत. आखातात किंवा जहाजावर नोकरी करणाऱ्याला, किंवा गावात ओळखीचे कोणी बघेल म्हणून धसका घेतलेल्याला त्या सोयीच्या. तरी आमचे मत विचाराल तर पहिल्या तीन महिन्यांत प्रत्यक्ष खुर्चीवर जाऊन बसणे वेगळेच. कॅमेरा बंद करून शेजारी ग्लास ठेवता येतो.

गावात ओळख निघण्याची भीती खोटी नाही. लहान गावात सभेला बसलेल्या बाराजणांत एक आपला साडू निघू शकतो. अशा माणसाने शेजारच्या तालुक्याची सभा धरावी, तीस किलोमीटर लांब पडली तरी. सभेत पहिले नावच सांगतात, आडनाव विचारत नाहीत. तिथे ऐकलेले बाहेर बोलायचे नाही हा दंडक आहे आणि एरवी वेंधळी असलेली माणसेही तो पाळतात. कारण सोपे आहे, प्रत्येकाचे काही ना काही त्या खोलीत सांगून झालेले असते.

आणि आता ज्यामुळे आपल्या वाचकांचे जीव वाचू शकतात तो भाग. रोज भरपूर पिणाऱ्याने ‘मंगळवारी सभेला जायचे, म्हणून रविवारपासून एकदम बंद’ असे करू नये. शेवटच्या पेगनंतर सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, मळमळते, झोप उडते. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, कोणी मारायला आले असे वाटते, ताप चढतो. डॉक्टर याला ‘डी.टी.’ (डेलिरियम ट्रेमेन्स) म्हणतात; तो उपचारांविना जीव घेऊ शकतो. सभेत डॉक्टर नसतात, गोळ्या नसतात, खाट नसते. म्हणून आधी डॉक्टर, मग सभा, किंवा दोन्ही एकाच आठवड्यात. गटारीला भरपूर आणि दुसऱ्या दिवसापासून श्रावण कडक, हा आपल्याकडचा रिवाज याच कारणाने धोक्याचा आहे. शिवाय श्रावण पाळून दाखवला की माणूस उरलेले अकरा महिने ‘मी केव्हाही सोडू शकतो’ म्हणायला मोकळा होतो.

डॉक्टरांकडे गेल्यावर ‘थोडी घेतात’ असे सांगू नका. क्वार्टर किती, देशी की विदेशी, शेवटची केव्हा घेतली, सकाळी उठल्याबरोबर लागते का, पूर्वी कधी फिट आली होती का, हे आकड्यात सांगा. १८० मिलीच्या दोन क्वार्टर रोज घेणारा आणि आठवड्यातून एकदा नाइन्टी मारणारा यांचे उपचार वेगळे असतात. आणखी एक. आपल्याकडे अशक्तपणा दिसला की घरचेच ‘सलाईन लावा’ म्हणून मागे लागतात. वर्षानुवर्षे पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, संपत आलेले असते. थायमिन न देता नुसते ग्लुकोज चढवले तर मेंदूला इजा होऊ शकते. डोळे फिरतात, तोल जातो, स्मृती जाते. ‘बी-१ चे इंजेक्शन आधी दिलेत का?’ एवढे विचारायला कोणाची परवानगी लागत नाही.

‘नकळत’वाल्या पावडरीबद्दल. पाकिटावर आत काय आहे ते धड लिहिलेले नसते, एवढ्यावरच ती कचऱ्यात जायला हवी. काही घरांत डॉक्टरांनी लिहून दिलेली डायसल्फिरामची गोळी चुरून भाजीत घालतात. ही गोळी घेतलेला माणूस दारू प्याला तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदयाचा आजार असेल तर जिवावर बेतते. शेवटच्या दारूनंतर निदान १२ तास उलटल्याशिवाय ती द्यायची नसते आणि बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत तिचा परिणाम राहू शकतो. माणसाला माहीत असेल तर ती त्याची ढाल आहे, माहीत नसेल तर विष. आणि एक दिवस त्याला कळतेच. मग तो घरचे जेवण सोडतो, दारू सोडत नाही. आपण ती जाहिरात घेणे बंद करावे, असे आम्ही सुचवतो. त्या चौकटीचे आपल्याला किती मिळतात ते आम्हाला माहीत नाही. ‘आज शहरात’च्या एका ओळीला काही पडत नाही, हे मात्र माहीत आहे.

सभेत काय होते याची उगाच भीती असते, म्हणून थोडक्यात सांगतो. वर्गातली बाके बाजूला सारून दहा-पंधरा प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या असतात. भिंतीवर खिळ्याला दोन कापडी फलक, एकावर ए.ए.च्या बारा पायऱ्या (दारूविना जगण्याची वाट), दुसऱ्यावर बारा परंपरा (समूह कसा चालवायचा त्याचे दंडक). त्यांच्या मागे फळ्यावर सकाळचा पाढा अजून तसाच असतो. सुरुवातीला प्रार्थना आणि वाचन, मग एकेक जण तीन ते पाच मिनिटे बोलतो: ‘मी अमुक, मी अल्कोहोलिक.’ कोणी मध्ये बोलत नाही, सल्ला देत नाही, वाद घालत नाही. नव्याची पाळी आली की ‘मी आज ऐकायला आलोय’ एवढे म्हटले तरी पुरते. त्या दिवशी घेऊन आलेल्यालाही बहुतेक ठिकाणी बसू देतात, फक्त बोलू नको म्हणतात. शेवटी चहा. खरे काम त्या चहाच्या दहा मिनिटांत होते. तेव्हा तीन जणांचे नंबर घ्यायचे आणि घरी पोचण्याआधी त्यांतल्या एकाला मिस्ड कॉल द्यायचा. रात्री अकराला घशाला कोरड पडेल तेव्हा ओळख नसलेला नंबर लावायला हात धजावत नाही, निदान एकदा वाजलेला लावता येतो.

एका सभेवरून निकाल लावू नये. निदान तीन वेगवेगळ्या समूहांत जाऊन बघावे. कुठे सगळे निवृत्त, कुठे सगळे पंचविशीतले, कुठे एकच गृहस्थ वीस मिनिटे खातात. जुने सभासद नव्याला ‘९० दिवसांत ९० सभा’ सांगतात. मुंबईत लोकल पकडून ते जमते, आठवड्याला एकच सभा असलेल्या तालुक्यात नाही. तिथे सभा एक, फोन रोज आणि ऑनलाइन दोन, असा हिशेब धरावा. बारा पायऱ्यांत ‘उच्चशक्ती’ (आपल्याहून मोठी शक्ती) हा शब्द आला की देव न मानणारे बिचकतात. त्यांनी तो शब्द समूहावर ढकलावा, म्हणजे समूहालाच ती शक्ती मानावे, ए.ए.ला ते चालते. उलट माळकरी म्हणतात, आमची माळ आहे, सभा कशाला? माळ घालून सुटलेली माणसे वारीत ढिगाने भेटतील आणि त्यांचे सुटणे खरेच आहे. त्यांच्या मागेपुढे दिंडी चालत असते हे विसरले जाते. आषाढी झाली की दिंडी पांगते आणि माणूस एकटा गावच्या चौकात येतो. माळ आणि सभा यांचे भांडण नाही.

सभेतही चुका होतात, त्या झाकण्यात अर्थ नाही. एखादा जुना सभासद उत्साहाने ‘मानसोपचाराच्या गोळ्या पण एक नशाच, बंद कर’ असे सांगतो. हे ए.ए.चे मत नाही. औषधाचा निर्णय डॉक्टरचा. नैराश्याच्या किंवा फिटच्या गोळ्या अशा सल्ल्याने थांबवल्याने माणसे रुग्णालयात पोचतात. दुसरे, उसने पैसे. नवा माणूस कर्जात बुडालेला असतो, समोर मायाळू माणसे दिसतात, तो हात पसरतो. देणाऱ्याने दिले की दोघांपैकी एक पुढच्या महिन्यापासून सभेला येत नाही. तिसरे, कंपनीचा कल्याण अधिकारी कामगाराला सभेला धाडतो आणि हजेरीचा दाखला मागतो. समूह नोंदच ठेवत नाही, दाखला कुठून देणार? तसा कागद समुपदेशन केंद्राकडून मिळतो. अधिकाऱ्यांनी सभेच्या मागे लागू नये.

घरच्यांसाठी अल्-अनॉन ही वेगळी संघटना आहे, १९५१ पासूनची. तिच्या सभा पुष्कळदा त्याच वेळी शेजारच्या खोलीत असतात. तिथे नवऱ्याची दारू सोडवण्याच्या युक्त्या मिळत नाहीत, हे आधीच सांगितलेले बरे, नाहीतर पहिल्याच दिवशी निराशा होते. त्याच्या बाटल्या शोधणे, साहेबाला खोटे फोन करणे, गुत्त्याची उधारी भागवणे, यातून स्वतःला कसे सोडवायचे ते तिथे कळते. आपल्या ओळीत अल्-अनॉनची सभाही जोडावी. नवऱ्याने यायला नकार दिला तरी बायको एकटी तिथे जाऊ शकते. ए.ए.ला तिने फोन केला तर पलीकडचा म्हणेल, ‘त्यांनाच बोलू द्या.’ नवरा बोलायला तयार असेल तर दोन सभासद घरीही येतात, एकटा कधी नाही. त्यांना बोलवायची वेळ सकाळची ठेवावी, आठ ते दहा. रात्रीचे वचन सकाळी आठवत नाही, सकाळचा पश्चात्ताप मात्र दहापर्यंत टिकतो.

दारू पिणाऱ्या बाईला पंधरा पुरुषांच्या खोलीत संध्याकाळी सातला एकटीने जाणे अवघड आहे. तिने फोनवर ‘महिला सभासद कोणी आहे का’ असे स्पष्ट विचारावे. जवळ नसेल तर ऑनलाइन महिला सभा विचारावी. सदरात ‘महिला’ हा शब्द असलेली एक ओळ महिन्यातून एकदा जरी आली तरी वाचणारी ती नेमकी वाचते.

काही ए.ए. सभासद विचारतील, वर्तमानपत्रात फुकट छापून घेणे आमच्या परंपरेत बसते का? सभेचा वार आणि वेळ ही कीर्तनाच्या वार-वेळेसारखीच सार्वजनिक माहिती आहे. अडचण येते ती फोटो आणि पूर्ण नाव छापल्याने. आपला वार्ताहर ‘दारूतून बाहेर आलेल्या अमुकची कहाणी’ करायला सभेत शिरला, तर पुढच्या आठवड्यात तिथे चार खुर्च्या रिकाम्या दिसतील. एवढे पथ्य पाळावे. ओळ द्यावी, कहाणी नको.

शहरातल्या आणि लगतच्या दोन तालुक्यांतल्या सभांची यादी, प्रत्येक समूहाच्या संपर्क सभासदाची संमती घेऊन, आम्ही याच आठवड्यात आपल्या कार्यालयात पोचवतो. सोबत महिन्याच्या खातरजमेसाठी एक कोरा तक्ता असेल: वार, वेळ, दार, भाषा, प्रकार, बदल. ए.ए.शी बोलून तो भरून आणण्याचे काम आमच्याकडे राहील. आपल्याकडून हवा आहे तो सदर लावणाऱ्या उपसंपादकाचा एक ठरलेला दूरध्वनी, म्हणजे शाळा अचानक बंद झाली तर त्याच दुपारी कळवता येईल.

आपले,
व्यसनमुक्ती क्षेत्रात काम करणारे तीन समुपदेशक

(नावे व पत्ते संपादकांकडे दिले आहेत. कृपया छापू नयेत. लहान शहरात आमच्या नावावरून आमच्याकडे येणाऱ्यांची ओळख निघते.)